नाणेघाटातली राणी आणि आपल्या देणगीच्या पाट्या



मंडळाच्या सहलीत या वर्षी एक दिवस नाणेघाटाला द्यावा असं मी म्हणते आहे. "तिथे देरासर नाही, मग कशाला?" असं दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धसईत राहणाऱ्या आपल्याला सह्याद्रीची भिंत रोज दिसते. पापड वाळत घालायला गच्चीवर गेलं तरी दिसते, म्हणूनच बहुधा आपण तिच्याकडे बघत नाही. माझी भाची जर्मनीत ड्रेस्डेनला असते. तिने आम्हाला तिथला बास्टाईचा पूल दाखवला होता. वालुकाश्माचे उंच सुळके, त्यांच्यामधून सात कमानींचा दगडी पूल आणि खाली खोल दरीत एल्ब नदी. पूल १८५१चा आहे, आणि आलेल्या पाहुण्यांना देखावा दिसावा म्हणूनच तो बांधला. सुंदर आहे, नाही म्हणणार नाही. पण तिथे उभी असताना मनात येत होतं, की १८५१चं एवढं कौतुक, तर आपल्या मुरबाड तालुक्याच्या डोक्यावर दोन हजार वर्षांची दगडी वाट आहे तिचं काय?

नाणेघाट म्हणजे कोकण आणि देश यांना जोडणारा पूलच म्हणा, फक्त उभा. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. वैशाखऱ्याजवळून चढणारी पायवाट वर कातळात कोरलेल्या अरुंद खिंडीतून बाहेर निघते. शेजारी नानाचा अंगठा, पलीकडे जीवधन किल्ला आणि त्याला लागून एकटाच उभा असलेला वानरलिंगी सुळका. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. डिसेंबर २०१६ मध्ये आपली धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजली, दुकानादुकानात कार्ड घासायची यंत्रं आली, ते आठवतं ना? रांजण बघून मला आधी तेच आठवलं आणि हसू आलं.

पण मला तुम्हाला दाखवायची आहे ती तिथली गुहा. राहण्यापुरती साधीच आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख आहे, सातवाहनांच्या राणीचा. भाषा प्राकृत. सुरुवातीला एकेका देवतेला 'नमो' म्हटलं आहे. रोज नवकार म्हणणाऱ्या आपल्या कानाला तो शब्द परका वाटत नाही. पुढे राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी, आणि प्रत्येकाचा आकडा. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनात या आकड्यांची गणना होते. तेव्हा शून्याची पद्धत नव्हती. शंभराच्या खुणेला सातची खूण जोडली की सातशे. मी कॉमर्सची, त्यामुळे मला तो शिलालेख कमी आणि भिंतीवर मांडलेली खातेवही जास्त वाटली.

यज्ञांची नावं वाचताना माझं मन अडलंच. अश्वमेधाचं कौतुक आपल्याला जमणार नाही आणि ते करावं असं मी म्हणतही नाही. पण त्याच लेखात राणीचं वर्णन काय आहे ते ऐका. ती 'मासोपवासिनी' आहे, म्हणजे महिना महिना उपवास करणारी. घरात राहून तापसीसारखी जगणारी आहे, ब्रह्मचर्य पाळणारी आहे. धर्म तिचा वेगळा, पण मासक्षमण केलेल्या किंवा घरातल्या कोणाचं पारणं केलेल्या बाईला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

मागच्या भिंतीला राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता जेमतेम पावलांच्या खुणा उरल्या आहेत. मूर्ती गेल्या, पण वर कोरलेली नावं राहिली. त्यात राजाराणीच्या जोडीचं नाव असं आहे: आधी देवी नायनिका, आणि मग 'आणि राजा श्री सातकर्णी'. हीच आपण जिला नागनिका म्हणतो ती. राणीचं नाव आधी, तेही तिचं स्वतःचं.

आता आपल्या पाट्या आठवा. उपाश्रय, पाठशाळा, भोजनशाळा, कुठलीही घ्या. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी पाण्याच्या टाकीसाठी माहेरच्या पाटल्या मोडल्या. पाटीवर काय आलं? सासऱ्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, 'परिवार', आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'मातोश्रींच्या प्रेरणेने'. मातोश्रींना नावच नाही! विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काकू, पद्धतच तशी आहे."

पद्धत तशी नव्हती. आबूच्या लूणवसहीचं नाव निघालं की तेजपालबरोबर अनुपमादेवीचं नाव आपण आजही घेतोच. कर्नाटकात अत्तिमब्बेने शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या, लक्कुंडीला जिनालय बांधलं. हजार वर्षं झाली तरी ते तिच्याच नावावर आहे, कोणाची तरी सून म्हणून नाही.

गुप्तदान श्रेष्ठ, नावाचा मोह कशाला, असं काहीजणी म्हणतील. अगदी मान्य. मग कोणाचंच नाव नको, पाटीच नको. पण पाटी लावायची, तिच्यावर पुरुषांची चार नावं घालायची आणि बाईपुरतं गुप्तदान आठवायचं, याला मी गुप्तदान म्हणत नाही.

आणि हे फक्त मानापानाचं नाही. ज्याचं नाव पावतीवर, त्याला हिशेब विचारता येतो. ट्रस्टच्या सभेत आपल्यापैकी किती जणी तोंड उघडतात? देणगी स्वतःच्या पैशाची असेल, मग ती पोस्टातली ठेव मोडून असो की डब्यांच्या कमाईतून, पावती स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पॅन नंबरवर घ्या. ८०जी ची सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख चालत नाही. स्वतःच्या खात्यातून चेक द्या किंवा ऑनलाइन पाठवा. खातं नसेल तर आधी ते उघडा.

आमच्या पाठशाळेची नवी पाटी करायला जायची आहे. मजकुराचा कागद माझ्याकडे तपासायला आला, तेव्हा मी समोर कोरा रकाना काढून परत पाठवला: 'दात्या बहिणीचं पूर्ण नाव'. अजून उत्तर नाही. मी दर आठवड्याला विचारते आहे.

सहलीचं म्हणाल तर पावसाळ्यात मुळीच नको. उलटा धबधबा बघायला तेव्हा नुसती झुंबड असते, धिंगाणा आणि कचरा वेगळाच. शिवाय चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात तो ज्या जीवांसाठी, ते सगळे जीव त्याच ओल्या गवतात असतात. तिथे आपण फोटोसाठी पायाखाली काय काय तुडवणार? पौष-माघ बरा. ज्यांच्या गुडघ्यात दम आहे त्यांनी खालून चढावं. बाकीच्यांनी माळशेजवरून जुन्नरच्या बाजूने घाटघरमार्गे जावं, गाडी खिंडीच्या जवळ जाते. उकळलेलं पाणी आणि खाखरे आपले आपण घ्यायचे, आणि चौविहार सांभाळायचा तर लवकर निघायचं. जीपवाल्याशी मी बोलून ठेवते. किती जणी येणार ते पुनमेपर्यंत कळवा.