सायलेन्सर लावा आणि खुशाल उडवा!

परवा मी मैदानावरच्या पेट्रोल विमानांच्या आवाजावर चार ओळी लिहिल्या, तर कमेंटमध्ये मंडळी तुटून पडली. "पत्रकाराला दुसरा विषय नाही का?" "डीजेवर लिहायची हिंमत आहे का?"

आहे. गणपतीत लिहिलं होतं. तेव्हा यातल्याच दोघा-तिघांनी "आमच्या सणाच्याच वेळी का आठवतं?" असं विचारलं होतं. डीजेवर लिहिलं की सण आठवतो, विमानावर लिहिलं की डीजे आठवतो. आपण केलेला आवाज तेवढा कुणालाच आवाज वाटत नाही!

आधी एक स्पष्ट करतो. बंदीची मागणी करणारं निवेदन गावात फिरतंय, त्यावर मी सही केलेली नाही. करणारही नाही. मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसण्यापेक्षा पोरं पंख कापतात, इंजिन खोलतात, वारा कुठून येतोय ते बघतात, हे चांगलंच आहे. एनसीसीच्या एअर विंगमध्ये तर एअरोमॉडेलिंग शिकवतात. 2021 च्या ड्रोन नियमांतही 25 किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या हौशी विमानांची वेगळी व्याख्या आहे. तेव्हा छंदाशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते मैदानाच्या भिंतीपलीकडे ग्रामीण रुग्णालय आहे हे विसरण्याशी. गेल्या रविवारी प्रसूती वॉर्डाबाहेर एक आजी भेटल्या. म्हणाल्या, "दादा, वर ते गिरणीवानी काय वाजतंय? बाळाचा जरा डोळा लागला की दचकून उठतंय." काय सांगणार त्यांना? साहेबांचा छंद आहे म्हणून?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "इंजिन आहे म्हटल्यावर आवाज होणारच." हे साफ खोटं आहे, आणि उडवणाऱ्यांना ते पक्कं माहीत आहे. आवाज कुठून येतो ते बघा. एक, धुराड्यातून. तिथं इंजिनासोबत येणारी छोटी डबी काढून चांगला लांब सायलेन्सर बसवता येतो. कसरती करताना जोर थोडा कमी पडला तर पडू दे. दोन, पंख्यातून. 20 इंची पंखा मिनिटाला 8000 फेरे फिरला की त्याचं टोक सेकंदाला सुमारे 213 मीटर वेगानं हवा कापतं. डोक्यात जाणारी ती करकर तिथली. मोठा किंवा जास्त पिचचा पंखा लावा, फेरे कमी करा, करकर कमी होते. तीन, सांगाड्यातून. इंजिन थेट प्लायवुडला आवळलं की अख्खं विमान ढोलासारखं घुमतं. मध्ये रबरी बुश टाका. आणि हे काहीच नको असेल तर बॅटरीची विमानं आहेतच.

विमानावर हजारो रुपये घालणाऱ्याला सायलेन्सर परवडत नाही, हे मला कुणी सांगू नये.

ब्रिटनमध्ये 1982 सालीच मॉडेल विमानांच्या आवाजासाठी आचारसंहिता आली. सात मीटरवरून मोजलं तर 82 डेसिबलच्या आत. आता साधा हिशोब करा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. म्हणजे 14 मीटरवर 76, 28 वर 70, 56 वर 64, 112 वर 58 आणि 224 मीटरवर 52. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 आहे, शांतता क्षेत्राची 50. थोडक्यात, विमान शांत केलं आणि थोडं लांब नेलं, तर गणित जमतं. दोन्हीपैकी काहीच करायचं नाही, तर मग बंदीवाल्यांना दोष देऊ नका. त्यांच्या हातात कोलीत तुम्हीच देताय.

नगरपरिषदेकडे माझ्या मागण्या चारच. सायलेन्सर नसलेलं विमान मैदानात आणायचं नाही. सकाळी नऊच्या आधी इंजिन सुरू करायचं नाही. एका वेळी एकच पेट्रोल विमान हवेत. आणि उड्डाण रुग्णालयाच्या बाजूला नाही, नदीकडच्या टोकाला. महिन्यातून एकदा सर्वांसमोर सात मीटरवरून आवाज मोजा. आकडा फळ्यावर लिहा. विषय संपला.

हौशी मंडळींनी हे स्वतःहून केलं तर पुढची पोस्ट त्यांच्या कौतुकाची, शब्द देतो. नाही केलं, तर ते निवेदन पुन्हा माझ्यापुढे येईल. तेव्हा सहीला नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरणार नाही.

कमेंटमध्ये शिव्या खुशाल घाला. फक्त त्याआधी रविवारी सकाळी दहा मिनिटं त्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून या.