यंत्राला कोटी, गणकाला करार

“गणित आता यंत्र करते; मग गणकाला कायमची जागा कशाला?” असा प्रश्न हल्ली सुशिक्षितांच्या तोंडून ऐकू येतो, आणि तो विचारणारे स्वतःस व्यवहारी समजतात याचे नवल वाटते. तर व्यवहारच पाहू.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक बसला. सहा वर्षांतच, २०२४ च्या सप्टेंबरात, तेथे ‘अर्क’ आणावा लागला. नोएडाच्या ‘अरुणिका’सह त्याचा खर्च सुमारे ८५० कोटी रुपये. २०१२ साली सुरू झालेल्या मान्सून मोहिमेने जे गणिती प्रारूप हाती घेतले ते मूळ अमेरिकेतले. आपल्या पावसाला ते लागू पडावे म्हणून वर्षानुवर्षे डोके झिजविले ते माणसांनी. कोणता आकडा धरावा नि कोणता टाकावा, हे ज्ञान यंत्राबरोबर विकत येत नाही. ते माणसाच्या ठायी साचते. आणि विद्यापीठांतून व संशोधनसंस्थांतून नेमक्या त्याच माणसाला प्रकल्प असेपर्यंतच ठेवण्याची रीत पडली आहे! कनिष्ठ संशोधकास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व घरभाडे मिळते. रक्कम तुच्छ नव्हे, हे मान्य. पण प्रकल्प सरला की माणूस मोकळा, आणि त्याच्याबरोबर साचलेले ज्ञानही दाराबाहेर. असा करार कायद्याने वैध असतो, हे वकील म्हणून मी नाकारीत नाही. वैध म्हणजे शहाणपणाचा, असे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

मुदत असली म्हणजे माणूस झटून काम करतो, असे म्हणतात. प्रत्यक्षात मुदतीचे अखेरचे वर्ष दुसरीकडे अर्ज करण्यात जाते, आणि मुदतीत सुटणारे प्रश्नच तेवढे हाती घेतले जातात. गोमंतकाचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन आहत नाणी हजारोंनी तोलून झिजेच्या गणितावरून त्यांचा कालक्रम लावला; १९४४ सालचे त्यांचे आनुवंशिकीतील सूत्र आजही त्यांच्याच नावाने चालते. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार पुढे चालविला नाही. त्या वादात येथे शिरत नाही; पण नाण्यांचे ते काम तीन वर्षांच्या प्रकल्पात बसले असते काय?

हा पुण्याचा प्रश्न, बालाघाटास त्याचे काय, असे वैनगंगेकाठच्या कोणी म्हणू नये. येथील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले; पण पऱ्हे कधी टाकावे नि रोवणी कधी करावी, हे पाऊसच ठरवितो. आणि एकादशी कोणत्या दिवशी, हे पंचांगकर्त्याच्या गणितावरून मानणाऱ्या आपल्या मंदिर-समाजास गणकाचे मोल निराळे सांगावयास नको. पंचांग छापखान्याने केले, असे आपल्यात कोणी म्हणत नाही.

यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर ते राबविणाऱ्या कायम पदांची यादी विद्यापीठांनी जोडावी, आणि ती नसल्यास अनुदान देणाऱ्याने प्रस्ताव परत पाठवावा, एवढीच मागणी आहे.