सीडी शेवटीच का अडखळते?



या आठवड्याचा प्रश्न सहावीतल्या एका मैत्रिणीने पाठवला आहे. तिच्या पणजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या घरात एका कॅसेटवर होत्या. तासाभराची कॅसेट. मामाने त्या ओव्या जुन्या संगणकात उतरवून घेतल्या आणि सीडीवर राइट केल्या. सीडी लावली की सुरुवात छान ऐकू येते, पण शेवटच्या चार-पाच ओव्या आल्या की टक्‌टक् होतं, आवाज तुटतो. दुसरी कोरी सीडी घेतली, तरी तेच! आणि कॅसेटची फीत आता तुटली आहे. "मामा म्हणतो राइटर बिघडलाय, बाबा म्हणतात सीडी हलकी आहे. खरं कोणाचं?" असं तिने विचारलं आहे.

उत्तराआधी एक सूचना, अगदी ठळक अक्षरांत लिहून घ्या: सीडी नीट झाली याची खात्री पटेपर्यंत संगणकातली मूळ फाइल पुसायची नाही. पणजीचा आवाज पुन्हा कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

आता सीडीवर लिहिलं कसं जातं ते पाहू. दुकानातून गाण्यांची तयार सीडी आणली, तर तिच्यात साच्याने दाबून केलेले बारीक खळगे असतात. कोऱ्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. राइटरमधला लेसर किरण त्या थरावर चटके देत जातो. जिथे चटका बसतो तिथून प्रकाश नीट परतत नाही, जिथे बसत नाही तिथून परततो. वाचताना यंत्र एवढंच पाहतं. म्हणून तर याला 'बर्न करणं' म्हणतात.

हे चटके एका लांबच लांब वळणावळणाच्या रेघेत असतात. रेघ मधल्या भोकाजवळ सुरू होते आणि बाहेरच्या कडेकडे जाते. दोन शेजारच्या वळणांत अंतर किती? १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा सहाशेवा भाग! तुमच्या एका केसाच्या जाडीत अशी चाळीसेक वळणं बसतील. ही सगळी रेघ उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल.

रेघ आतून बाहेर जाते, हे आपल्या कोड्यात फार कामाचं आहे बरं का! सुरुवातीच्या ओव्या आतल्या भागात आहेत आणि शेवटच्या ओव्या बाहेरच्या कडेजवळ. म्हणजे बिघाड कुठे आहे ते सीडीनेच आपल्याला सांगितलं. बाहेरच्या बाजूला.

बाहेरच का? मैदानात गोल उभं राहून साखळी करून फिरलात, तर आतल्या मुलाला हळू चाललं तरी चालतं, बाहेरच्याला पळावं लागतं. सीडीचंही तसंच. राइटरवर '४८ एक्स' लिहिलेलं असतं. एक एक्स म्हणजे गाणं ऐकण्याचा साधा वेग, ४८ एक्स म्हणजे त्याच्या ४८ पट. पण हा वेग फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो. आत तो सुमारे २० एक्सच असतो. त्या वेळी सीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेत असते. घरातला छताचा पंखा जोरात फिरला तरी चारशेच्या आसपासच फेरे घेतो! एवढ्या वेगात सीडी जराशी वाकडी असली, वर चिकटवलेलं लेबल एका बाजूला सरकलेलं असलं, किंवा रंगाचा थर कडेला सारखा बसलेला नसला, की चटके पुसट किंवा लांबट पडतात.

मग राइट करताना संगणकाने तक्रार का केली नाही? 'यशस्वी' असा निरोप तर आला होता! अहो, त्या निरोपाचा अर्थ 'मी शेवटपर्यंत लिहिलं' एवढाच. लिहिलेलं वाचता येतं का, ते त्याने पाहिलेलंच नसतं. वर्गात फळ्यावरचं उतरवून झालं की तुम्ही 'झालं बाई!' म्हणता. वही तपासली की मग कळतं काय झालं ते.

यात आणखी एक गंमत आहे. प्रत्येक सीडीवर बारीकसारीक चुका असतातच, अगदी चांगल्या सीडीवरसुद्धा. त्या ऐकू येत नाहीत, कारण त्या दुरुस्त करायची सोय माहितीबरोबरच लिहिलेली असते. मी तुम्हाला तीन आकडे सांगितले, ७, ४ आणि ५, आणि बेरीज १६ हेही सांगितलं. मधला आकडा पुसला गेला तरी तुम्ही तो शोधून काढाल ना? सीडीतली युक्ती याहून खूप हुशार आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी ती १९६० मध्ये मांडली. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये! पण दोन आकडे एकदम पुसले गेले तर? बेरीज हात टेकते. मग प्लेयर मधला आवाज अंदाजाने भरतो, आणि तेही जमलं नाही की टक्‌टक् ऐकू येतं.

म्हणूनच 'आज वाजते' आणि 'चांगली लिहिली आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुका भरपूर पण अजून दुरुस्त होण्याजोग्या असतील, तर सीडी आज वाजेल. पुढे एखादा ओरखडा पडला, ऊन लागलं, की तीच सीडी बंद पडेल.

मामा आणि बाबा यांच्यात बरोबर कोण, हे वाद घालून कळणार नाही. प्रयोगाने कळेल. प्रयोगाचा नियम शाळेतलाच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेग, सीडी आणि राइटर तिन्ही एकदम बदलले, तर कशाने फरक पडला ते कसं सांगणार? या क्रमाने जा:

१. अडखळणारी सीडी दुसऱ्या यंत्रावर वाजवून पाहा. तिथे नीट वाजली, तर दोष पहिल्या प्लेयरच्या वाचण्यात असू शकतो. सीडी अजिबातच उघडत नसेल, तर राइट करताना ती 'फायनलाइज', म्हणजे बंद केली होती का ते पाहा. आणि सीडी-आरडब्ल्यू जुन्या प्लेयरना बरेचदा वाचता येत नाही, कारण तिच्यावरून प्रकाश फार कमी परततो.

२. त्याच पाकिटातली नवी सीडी घ्या, फक्त वेग कमी करा. ४८ ऐवजी १६ किंवा २४ एक्स. डीव्हीडी असेल तर १६ ऐवजी ८ एक्स. अगदी कमीत कमी वेग मात्र निवडू नका. वेगाने लिहिण्यासाठी बनवलेल्या रंगद्रव्यावर फार सावकाश लिहिलं, तर काही वेळा उलट जास्त चुका होतात.

३. फरक पडला नाही? आता वेग तोच ठेवा आणि दुसऱ्या कंपनीची सीडी वापरा. प्रत्येक कोऱ्या सीडीवर तिच्या प्रकाराचा संकेत असतो. तो वाचून राइटर किती चटका द्यायचा ते ठरवतो. काही सीड्यांशी काही राइटरचं जमतच नाही.

४. तरीही तेच? आता तीच सीडी, तोच वेग, पण राइटर दुसरा. मित्राच्या घरचा, किंवा यूएसबीने जोडायचा.

विंडोज एक्सपीचा जुना संगणक असेल, तर मोठ्यांना आणखी एक गोष्ट पाहायला सांगा. राइटरकडून वारंवार चुका आल्या की एक्सपी त्याला 'डीएमए' सोडून 'पीआयओ' या मंद पद्धतीवर टाकतो. मग सगळी वाहतूक प्रोसेसरला स्वतः करावी लागते आणि राइटरला माहिती वेळेवर पोचत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे दिसतं. राइट करताना गेम खेळू नका, हे तर सांगायलाच नको!

प्रत्येक वेळी तपासणी हवीच. राइट करायच्या प्रोग्रॅममध्ये 'व्हेरिफाय' असा पर्याय असतो, त्यावर खूण करा. वेळ वाढेल, वाढू द्या. नीरो डिस्कस्पीडसारखा प्रोग्रॅम असेल आणि राइटरची साथ असेल, तर चुका मोजताही येतात. त्यात सी-१ नावाच्या चुका थोड्या असणारच. सी-२ चा आकडा मात्र शून्य हवा.

आईबाबांसाठी दोन शब्द. राइटर उघडून आतली काच पुसायचं काम मुलांवर सोपवू नका. सीडीच्या लेसरचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो. जपून ठेवायच्या गोष्टी ऑडिओ सीडीबरोबर डेटा सीडीवरही फाइल म्हणून लिहा, कारण डेटा सीडीत चुका दुरुस्त करायची एक जादा पायरी असते. सीडीच्या वरच्या बाजूवर बॉलपेनने लिहू नका. माहितीचा थर त्या बाजूलाच अगदी वर असतो, खालच्या चकचकीत बाजूला नाही! खालची बाजू पुसायची तर मऊ फडक्याने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. आणि एकाच सीडीवर विसंबू नका. एक प्रत सीडीवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी.

आता तुमचा उद्योग. वहीत पाच रकाने आखा: तारीख, सीडीची कंपनी, वेग, राइटर आणि तपासणीचा निकाल. प्रत्येक सीडीची एक ओळ भरा, बिघडलेल्या सीडीचीसुद्धा. शेवटच्या रकान्यात 'वाजली' असं लिहून भागणार नाही हं. कुठपर्यंत नीट वाजली, आतल्या भागात की बाहेरच्या कडेपर्यंत, तेही लिहा. चार ओळी झाल्या की घरातल्या मोठ्यांना वही दाखवा आणि दोष कुठे आहे ते तुम्हीच सांगा.