पळभर विसावा

गेल्या आषाढांत आम्ही नागपुराहून भंडाऱ्यास मामांकडे निघालों होतों. अंतर अवघें साठ-पासष्ट किलोमीटरांचें; परंतु भंडारा रोड स्थानकाच्या अलीकडे गाडी जी उभी राहिली ती हालेचना. शेजारच्या रुळावरून कोळशाची मालगाडी पुढें जावयाची होती. दोहों बाजूंस बांध्यांतून पाणी तुंबलेलें, रोवणी चाललेली. आमच्या हातांत मात्र दूरध्वनी, आणि त्यावर धाकट्या बंधूस लिहिलेलें अर्धें उत्तर. प्रश्न पवनीकडील वडिलोपार्जित धानाच्या शेताचा होता. उत्तर कसें होतें तें येथें न सांगणेंच बरें.

नेमकी तेव्हांच त्या यंत्राची वीज संपली! करावयास कांहींच उरलें नाहीं, म्हणून स्वस्थ बसलों. प्रथम आपला श्वास किती आंखूड चालला आहे हें ध्यानांत आलें. मग दांत आवळलेले आहेत हें. त्यानंतर दिसलें कीं, मनांत एकच वाक्य घोळत आहे आणि त्याचा शेताशीं कांहींएक संबंध नाहीं. वडिलांच्या अखेरच्या आजारांत “दादा, तुला येणें जमलें नाहींच,” असें बंधु एकदां सहज बोलून गेला होता. इतकीं वर्षें तो कांटा आमच्याच पायांत होता, आणि आम्ही दोष वाटेला देत होतों.

मामांस ही हकीकत सांगितली तेव्हां ते सायंसंध्या आटोपून नुकतेच उठले होते. म्हणाले, “थांबावयास तुला मालगाडी लागली होय? आचमनाचीं चोवीस नांवें तोंडानें चाललीं असतां मन बाजारांत फिरून येतें, तें मला रोज सांपडतें.” आम्हीं मुंजीनंतर चार वर्षें संध्या घाईनें उरकली व पुढें सोडली, तेव्हां वाचकांस तिचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. शिवाय आमच्या घरांतील स्त्रियांस असा विसावा कोणीं नेमून दिलाच नव्हता. मामी आंतून म्हणाल्या, “दूध वर येईपर्यंतचा वेळ, तेवढाच माझा.”

जुन्या कालमापनांत पळ म्हणजे चोवीस सेकंद. कामाकरितां इतकें पुरतें. श्वास सोडतांना नाडीची गति किंचित् मंदावते हें वैद्यकास ठाऊक आहे, म्हणून उच्छ्वास जरा लांबवावा, खांदे सैल सोडावे, आणि आलेला विचार हांकलूं नये. कोण आला एवढें पाहावें. दूध तापतांना, जिन्यावर, दार उघडण्यापूर्वीं, कोठेंही हें साधतें. झोंप उडविणारी चिंता किंवा जुनें दुःख ह्यानें जाईल असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. त्यास वैद्यच गांठला पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं पवनीस गेलों. ह्या वैनगंगाकांठच्या गांवीं १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें ह्यांनीं मिळून उत्खनन केलें, आणि जगन्नाथ टेकडीवर व चांडकापुरास प्राचीन बौद्ध स्तूप उजेडांत आले. त्या धर्माच्या सतिपट्ठान सुत्तांत भिक्षूस सांगितलें आहे तें फार साधें आहे: चित्तांत द्वेष असेल तर तो आहे इतकें जाणावें, नसेल तर नाहीं हेंही जाणावें. आमच्या शेतापासून हें स्थळ इतकें जवळ, आणि आम्ही तेथें आजवर केवळ सातबारा पाहावयास येत असूं! विल्यम जेम्स ह्या अमेरिकन पंडितानें १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथांत विचारांस प्रवाहाची उपमा दिली आहे. घाटावर बसून वैनगंगेचें गढूळ पाणी पाहतांना ती पटली. पुरांत उतरण्यापेक्षां कांठावर बसणें सोपें, हेंही पटलें.

सायंकाळीं मामांच्या ओसरीवरून बंधूस लिहिलें. शेताविषयीं एक ओळ, वडिलांच्या आजाराविषयीं पांच. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. पत्र वाचल्याची खूण मात्र त्याच रात्रीं उमटली.