सोयरिकीतला अर्धा पान कागद

परवा शहापूरची माझी आतेबहीण, आम्हा सगळ्यांची आक्का, घरी आली ती एक पावती घेऊनच. मुलाच्या लग्नासाठी तिने एका वधूवर सूचक केंद्रात पंधरा हजार रुपये भरले होते. आठ महिन्यांत स्थळे आली तीन, त्यातल्या एका मुलीचे लग्न आधीच झालेले! पैसे परत मागितले, तर चालक म्हणाले, "असं कुठं ठरलं होतं?" पावतीवर 'नोंदणी शुल्क' एवढेच शब्द.

"काही लिहून घेतलं नाहीस?" मी विचारले.

"लग्नाच्या कामात कागद कसा मागायचा रे? त्यांना वाटेल, आमचा विश्वास नाही."

खरे तर लग्नाच्या कामात कागद आपल्याला नवा नाही. बैठकीत 'याद' होत असे. मानपान कुणाचा, मांडव कुणाचा, जेवणे कुणाकडे, हे सारे हळदकुंकू लावलेल्या कागदावर दोन्हीकडच्या सह्यांनिशी येई. (त्यात हुंडाही असे, 1961 च्या कायद्याने तो गुन्हा ठरला हे बरेच झाले.) सोयऱ्यांकडून लिहून घेताना आपण लाजलो नाही. फक्त मध्यस्थाकडून कधी लिहून घेतले नाही, कारण तो मामा किंवा गावातला जाणता माणूस असे. टॉवेल-टोपीवर त्याचे काम होई आणि त्याचा 'बायिमातु' पुरत असे.

आज तो मध्यस्थ व्यावसायिक झाला आहे. मुलीशी काय बोलावे, फोटो कसा काढावा, हे मुलांना शिकवणारेही फी घेतात. त्यात गैर काही नाही. पण फी आली की हिशेब आला.

1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही चालतो. अडते ते पुराव्यापाशी. याच कायद्याच्या 23 व्या कलमाखाली, लग्न जमवून दिल्याबद्दल अमुक रक्कम, असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून न्यायालये रद्दबातल मानत आली आहेत. म्हणून 'लग्नाची गॅरंटी' लिहून देणाऱ्यापासून दूरच राहावे. करार हवा तो सेवेचा. किती स्थळे, किती मुदतीत, माहिती पडताळणार कोण, काम न झाल्यास किती पैसे परत, हे त्यात हवे. आणखी एक गोष्ट मुलींच्या आईवडिलांनी विसरू नये. पत्रिका, फोटो, फोन नंबर विचारल्याशिवाय कुणाला देणार नाही आणि नोंदणी संपल्यावर काढून टाकू, हेही लिहून घ्यावे.

कागद आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मागावा. आपल्या घरांत सासू मराठी वाचते, सून कन्नड. आणि सही मात्र इंग्रजी फॉर्मवर न वाचता होते!

2024 मध्ये बेंगळुरूच्या एका वडिलांनी मुलासाठी तीस हजार रुपये भरले होते. पंचेचाळीस दिवसांत स्थळे दाखवण्याचे आश्वासन पाळले गेले नाही. ग्राहक आयोगाने ती रक्कम व्याजासह परत करायला लावली, वर भरपाईही दिली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 1915 या हेल्पलाईनवरही सल्ला मिळतो. आक्काकडे निदान पावती आहे, तेवढ्यावर ती तक्रार करणार आहे. पण नेमके काय ठरले होते, हे पटवून देताना तिची दमछाक होणार.

दुसऱ्या केंद्रात जाताना मात्र आम्ही अर्धा पान लिहून नेले, मराठीत आणि कन्नडमध्ये. तिथल्या बाई रागावतील अशी आक्काला भीती होती. बाईंनी चष्मा लावून सगळे वाचले आणि खाली स्वतःच्या दोन ओळी घातल्या: 'फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. लग्न बाहेर ठरल्यास आठ दिवसांत कळवावे.'

"लोक रात्री अकराला फोन करतात हो," त्या म्हणाल्या, "आणि लग्न ठरलं तरी सांगत नाहीत. मग मी दुसऱ्यांना तेच स्थळ दाखवते आणि शिव्या खाते."

आक्काने मान खाली घालून सही केली. आधीच्या केंद्रातली ती लग्न झालेली मुलगी तिला आठवली असावी.