भगिनीमंडळाचा उंबरठा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या मुलीपुढे ऑगस्टमध्येच एक प्रश्न येऊन ठाकतो : सोरॉरिटीत, म्हणजे ग्रीक अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळात, जावे की न जावे? या प्रश्नाला आजकाल एक ठरीव उत्तर मिळते : 'ज्याची त्याची आवड.' हे उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही, असे माझे म्हणणे आहे.

'रश' नावाच्या निवडप्रक्रियेकडे पाहा. अलाबामातील टस्कलूसा येथे इच्छुक मुली काही दिवस एका घरातून दुसऱ्या घरात जातात, काही मिनिटे बोलतात, पसंतिक्रम लावतात. त्याच वेळी आतल्या मुली त्यांचा क्रम लावत असतात. मुलीने निवडायचे ते, ज्यांनी तिला आधीच निवडले आहे त्यांच्यातून. पोशाख, बोलण्याची ढब, घराण्याच्या ओळखी आणि वर्गणी भरण्याची ऐपत हे सारे या 'आवडी'त मोजले जाते. २०२१ पासून या सोहळ्याच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. कपड्यांचे कौतुक झाले, निकषांची चर्चा फारशी झाली नाही.

आवडीला इतिहास असतो. ११ जून १९६३ रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच विद्यापीठाच्या दारात उभे राहिले, ते व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी. त्यानंतर ५० वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, 'द क्रिम्झन व्हाइट' या विद्यार्थी-वृत्तपत्राने मंडळांतील सदस्यांच्याच तोंडून उघड केले, की पात्र कृष्णवर्णीय मुलीला माजी सदस्यांच्या दबावाखाली डावलले गेले. या वेळी दारात कोणी गव्हर्नर उभा नव्हता. त्याची गरजही नव्हती. ते काम 'ज्याची त्याची आवड' या सूत्राने निमूटपणे केले होते.

याचा अर्थ संघटित होणेच वाईट, असा नव्हे. 'अल्फा कॅपा अल्फा' (१९०८) आणि 'डेल्टा सिग्मा थीटा' (१९१३) ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची मंडळे हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. दुसरीच्या सदस्यांनी स्थापनेच्याच वर्षी वॉशिंग्टनमधील स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात भाग घेतला. साहित्याच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : जॉर्जियातील मेकन येथे १८५१ आणि १८५२ मध्ये निघालेल्या ज्या दोन संस्थांपासून या परंपरेचा आरंभ मानतात, त्यांपैकी एकीच्या मूळ नावाचा अर्थच 'विद्याप्रेमी' असा होता. मात्र त्या काळी जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर होती, हेही विसरू नये. उंबरठा तेव्हाही होताच.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मी मान्य करतो. सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांच्या गर्दीत अठरा वर्षांच्या मुलीला सोबत हवी असते, आणि एकटेपणाला तात्त्विक उत्तर पुरत नाही. शिवाय २०१३ मध्ये वाचा फोडली ती आतल्याच मुलींनी. त्यानंतर विद्यार्थी-प्राध्यापकांचा मोर्चा निघाला, अध्यक्षा ज्युडी बॉनर यांनी निमंत्रणे पुन्हा खुली करायला लावली आणि काही कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश मिळाला. 'आत जाऊन बदल घडवावा' असे म्हणणाऱ्यांचा हा आधार. तो पोकळ नाही. पण त्या मुलींनी काय केले ते नीट पाहावे. त्यांनी गुप्ततेचा संकेत मोडला. भगिनीत्वाने ज्या मौनाची अपेक्षा केली होती, तेच नाकारले. तेव्हा बदल घडला तो सदस्यत्वामुळे नव्हे, त्या नकारामुळे.

म्हणून माझे उत्तर : बोलण्याची तयारी नसेल, तर जाऊ नये. आणि जायचेच असेल, तर निमंत्रण हाती येताच पहिला प्रश्न विचारावा : आज कोणाला परत पाठवले, आणि का? या प्रश्नावर जिथे चेहरे उतरतात, त्या घरात सोबत मिळेल. मैत्री मिळणार नाही.