‘स्तनपान’ अडवणारं कुलूप

शाळेच्या संगणकावर अश्लील संकेतस्थळं उघडू नयेत, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो कुलूप कसं आणि कुठे लावायचं याचा. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात त्याचं उत्तर पुण्या-मुंबईसारखं देऊन चालणार नाही.

शहरातल्या मुलाला शाळेत अडलेलं पान घरी पाहता येतं. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलामुलींना बहुधा हाच एक संगणक. तिथे अडलं की अडलंच. म्हणून शब्द पाहून पान बंद करणारी ब्राउझरची फुकट एक्स्टेन्शन्स इथे सर्वांत घातक. ‘ब्रेस्ट’ दिसलं की पान गुल! दहावीच्या विज्ञानातलं प्रजनन शोधणारी मुलगी अडणार, स्तनपानाची माहितीही अडणार. आणि तीही कुठे, तर ज्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी १९९२-९३मध्ये राज्य हादरलं, तिथे. उलट मराठीतला शिवराळ मजकूर या एक्स्टेन्शन्सच्या इंग्रजी शब्दयादीच्या गावीही नसतो.

तेव्हा गाळणी शब्दांवर नको, संकेतस्थळांच्या नावांवर हवी. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही डीएनएस, म्हणजे नावावरून संकेतस्थळाचा पत्ता देणारी, सेवा २०२०पासून मोफत आहे. अश्लील आणि घातक संकेतस्थळांचा पत्ताच ती देत नाही. पण ती राउटरमध्ये घालून स्वस्थ बसू नका. पावसात लाइन गेली की सर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतात आणि राउटरमधली गाळणी राउटरमध्येच राहते. ती प्रत्येक संगणकात घाला, मुलांना अॅडमिन अधिकार नसलेलं साधं खातं द्या. एवढ्यावरही क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’चा दुसरा पुरवठादार निवडून तिला बगल देता येते. नववीतल्या एकाला ते सापडलं की मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाला पाठ! तो पर्याय क्रोमची पॉलिसी लावून बंद करा.

गेम आणि यूट्यूबचं याने काही होत नाही. त्यासाठी तासाला लागणारी चार संकेतस्थळंच उघडी ठेवणं, हा एक मार्ग. आमच्या मते त्याहून बरं म्हणजे इंटरनेटशिवाय मजकूर दाखवणारं कोलिब्री किंवा किविक्स संगणकावर उतरवून ठेवणं. रेंज नसली तरी तास होतो आणि अडवण्याजोगं तिथे फारसं नसतंच.

शिवाय संगणक कक्षात एक वही असू द्या. कुठलं पान अडलं ते मुलांनी त्यात लिहावं, स्वतःचं नाव न घालता. शिक्षकांनी ते आपल्या मोबाइलवर पाहावं आणि कामाचं असेल तर उतरवून त्याच आठवड्यात मुलांच्या फोल्डरमध्ये ठेवावं.